हालते, पण कशी हालते?

आमच्या तालुक्याच्या गावी सिग्नल नाही. शहरातल्या माणसाला आपली गाडी जागेवर किती थरथरते हे दर चौकात कळतं, आम्हाला ते कळायला निमित्त लागतं. शेळ्यांचा कळप आडवा यावा लागतो, कापसाच्या दिवसांत जिनिंगसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागावी लागते, नाहीतर शेजारी बसलेल्यानं बँकेसमोर 'आलोच' म्हणून उतरावं लागतं. पूर्वी रेल्वेचं फाटक तरी होतं. आमची शकुंतला रेल्वे बंद पडली, आता रुळांवरून बिनधास्त जातो. एकूण काय, इथली गाडी एकतर पळत असते किंवा बंद असते. मधली अवस्था, म्हणजे इंजिन चालू आणि गाडी उभी, फार कमी वाट्याला येते. म्हणून ती थरथर एकदा जाणवली की माणूस दचकतो.

यंदा माझ्या भाच्यानं अमरावतीहून एक वापरलेली गाडी घेतली. पेट्रोल, चार सिलिंडर, २००९ ची. आठवडाभरातच त्याचा फोन आला, "मामा, गाडी जागेवर जराशी थरथरते. जुन्या गाडीचं असंच राह्यते का?"

हा प्रश्न पारावर टाकला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "जुनी हाय, हालनारच. तू म्हातारा झाला का तूही हालशीन." दुसरा सरळ इंजिन उतरवायच्या गोष्टी करतो. दोघांनीही गाडी पाहिलेली नसते. माझं म्हणणं असं की 'थोडं थरथरणं चालतं का' याला हो म्हणणाराही फसू शकतो आणि नाही म्हणणाराही. थरथर किती आहे यापेक्षा ती कशी आहे, आणि मागच्या दिवाळीला कशी होती, हे पाहावं लागतं. त्यातली मागच्या दिवाळीची गोष्ट भाच्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याची गाडी घेण्यातली मोठी अडचण हीच.

माझी स्वतःची गाडी त्याहून जुनी. तीन सिलिंडरची, पांढरी, एमएच २९. ती जागेवर चांगली हालते. आरशात मागचा रस्ता थरथरतो, डॅशबोर्डवर ठेवलेली किल्ली सरकत सरकत कडेला येते. तरी मला तिची काळजी वाटत नाही. त्याचं कारण गणितात आहे, आणि आयुष्यभर गणित शिकवलेलं असल्यामुळे ते सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढे जाववत नाही.

आपल्या गाड्यांची इंजिनं चार स्ट्रोकची. म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. जागेवर उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला समजा ९०० फेऱ्या मारतं. चार सिलिंडर असतील तर मिनिटाला १८०० वेळा ठिणगी कामाला येते, सेकंदाला ३०. तीन असतील तर १३५०, सेकंदाला साडेबावीस. पण खरी मेख आकड्यापेक्षा अंतरात आहे. पेटलेला सिलिंडर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, ढकलतो तो जास्तीत जास्त अर्धी फेरी, १८० अंश. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना पुढचा पेटतो, म्हणजे एकाचं ढकलणं संपतं न संपतं तोच दुसरा खांदा देतो. तीनच्या इंजिनात पुढची पाळी २४० अंशांनी येते. मधले निदान ६० अंश कोणीच ढकलत नाही, फ्लायव्हीलचं जड चाक आपल्या वजनावर फिरत राहतं. शिवाय पहिला आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर-खाली होत नाहीत, त्यामुळे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलतं. हे सगळं नव्या कोऱ्या गाडीतही असतं. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली, तिचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं होतं, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं तेव्हाही तीनच होते. तीस वर्षं अर्धा देश त्या हलण्यावर बसून लग्नाला गेला. कोणी तक्रार केली नाही, कारण तुलना करायला बहुतेकांकडे दुसरी गाडीच नव्हती. आता गंमत अशी की २०२४ ची नवी स्विफ्टही चारावरून तीन सिलिंडरवर आली आहे. म्हणजे हलणं हे म्हातारपणाचंच लक्षण, हा हिशेब तिथेच चुकतो.

भाच्याला मी म्हटलं, गाडी घेऊन इकडे ये, मिस्त्रीला दाखवू.

आमचे मिस्त्री म्हणजे बसस्टँडमागच्या टिनाच्या शेडमधले चाचा. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो. ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, मेटाडोर असं करत करत ते गाड्यांवर आले. संगणकावर गाडी लावून कोड वाचायचं यंत्र त्यांच्या पोराकडे आहे, तो ते लावतोही, पण चाचा त्याआधी बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसते उभे राहतात. भाच्यानं "गाडी हालते" म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "हालते हे मले सांगू नोको बाबू. कशी हालते ते सांग. एकसारखी का मधात अडकत?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. आजच्या पोरांना ते येणार तरी कुठून? आमच्या पिढीचा कान विहिरीवर तयार झाला. घरी लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन होतं, एका सिलिंडरचं, दोन्ही अंगांना जडशीळ लोखंडी चाकं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच-सहा ठोके. इतके सावकाश की पोरांनी त्यावर पाढे म्हणावेत. बाबा दोन वावरं पलीकडे पऱ्हाटीत निंदणाऱ्या बायांजवळ उभे असायचे आणि बोलता बोलता मान वर करून म्हणायचे, "इंजिनानं पानी सोडलं." फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून हवा धरली की पंपावरचं ओझं जायचं, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल कमी करायचा आणि ठोका पोकळ व्हायचा. आवाज मोठा किंवा लहान झालेला नसायचा, त्यातलं वजन गेलेलं असायचं. मी धुऱ्यावरून पळत जाऊन पाहायचो तर पाइपाच्या तोंडातून खरंच नुसता फसफसाट चाललेला. विजेचे पंप आले तसं ते ऐकणं गेलं. मोटार चालू आहे की बंद, एवढंच आता मोबाइलवर कळतं.

चाचांनी आधी माझी गाडी सुरू करायला लावली, मग भाच्याची. दोन्ही शेजारी शेजारी. माझी चांगली गदगदा हालत होती, भाच्याची बघायला शांत. मग ते सायलेन्सरमागे उकिडवे बसले. माझ्या गाडीच्या धुराड्यासमोर तळहात धरला, मान डोलावली. भाच्याच्या गाडीसमोर धरला आणि त्याला बोलावून त्याचाही हात तिथे धरायला लावला. हवेचे फुगारे येत होते, फुप-फुप-फुप-फुप, आणि मध्येच एक रिकामा. पुन्हा सात-आठ नीट, पुन्हा एक रिकामा. पोराचा चेहरा बदलला. जास्त हालणारी मामाची गाडी ठणठणीत, आणि कमी हालणारी आपली मिसिंग मारते, म्हणजे तिचा मधला एखादा ठोका पेटायचाच राहतो, हे त्याच्या हाताला कळलं.

जागेवरची अवस्था ही इंजिनाची सर्वांत अवघड परीक्षा असते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. त्यांना वाटतं, गाडी उभी आहे म्हणजे इंजिन आराम करतं. पळताना पेट्रोल-हवा भरपूर, फेऱ्या भरपूर, एखादा ठोका चुकला तर पुढचे ऐंशी त्याला झाकून टाकतात. जागेवर असताना हवा आत सोडणारी थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते. इंजिन ओढतं, पण आत येतं थोडंसंच. त्यामुळे मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. त्या एवढ्याशा हवेत एवढंसं पेट्रोल, आणि तेवढ्यावर क्रँक, अल्टरनेटर, वॉटर पंप सगळं फिरवायचं. यात कुठं बारीक फट असली की बाहेरची हवा तिथून आत घुसते, कारण आत पोकळी आहे. ती ज्या सिलिंडरच्या जवळ घुसते त्याचं मिश्रण पातळ होतं आणि तो पेटता पेटता राहतो. हायवेवर ८० ला तीच फट कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून 'पळताना तं मक्खन चालते' हे गाडी विकणाऱ्याचं वाक्य खरं असूनही त्यातून काही सिद्ध होत नाही.

विकणाऱ्यावरून आठवलं. चाचांनी टॉर्च मारून, थ्रॉटल पूर्ण मिटू न देणाऱ्या स्टॉप स्क्रूकडे बोट दाखवलं. कंपनीतून येताना त्या स्क्रूवर रंगाचा एक थेंब असतो, हात लावू नका म्हणून. तो फुटलेला होता आणि खाचेत स्क्रूड्रायव्हरचे ताजे चकाकते ओरखडे होते. फेऱ्यांचा काटा गरम इंजिनावर ११०० दाखवत होता. कोणीतरी स्लो, म्हणजे जागेवरच्या फेऱ्या, वाढवून ठेवला होता. फेऱ्या वाढल्या की मिसिंग झाकली जाते, ग्राहक दुकानासमोर उभा राहून म्हणतो, वा, काय शांत आहे. हा धंदा जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांपासून चालत आला आहे, आणि मला तो मीटर मागे फिरवण्याइतकाच खोटा वाटतो. जुनी गाडी पाहायला जाणाऱ्यानं ती थंडी असताना पाहावी, पूर्ण गरम होऊ द्यावी आणि मग काटा बघावा. हिवाळ्यात सकाळी सुरू केल्यावर हजार-बाराशेच्या वर जाणं साहजिक आहे, पाच-दहा मिनिटांत ते खाली बसतं. एसी लावल्यावर थोडं वर जाणं, कॉम्प्रेसर लागताना एक हिसका बसणं, यातही काही नाही. गरम झाल्यावर, एसी बंद असताना जो आकडा राहतो तो तिचा खरा.

चाचांनी स्क्रू मागे घेतला. काटा साडेआठशेवर आला आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. आता स्टीअरिंगपर्यंत ते अडखळणं येत होतं.

इथून पुढे बहुतेक ठिकाणी काय होतं ते मी खूप वेळा पाहिलं आहे. प्लग बदलतात. नाही फरक पडला तर कॉइल. मग थ्रॉटल बॉडी धुतात, मग इंजेक्टर, मग पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी 'हेच असंल' म्हणून. यातलं कोणतंही कारण असू शकतं, ही त्यातली पंचाईत. प्लगचं टोक झिजून गॅप वाढते, थ्रॉटलच्या कडेला काजळी धरते आणि जागेवरची हवा अडते, तीही कारणं खरी. पण शोधून बदलणं आणि बदलून शोधणं यात खिशाला पडणारा फरक फार मोठा आहे. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी तर फारच.

चाचांनी भाच्याला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबला की ठोका बिघडला. सोडला, थोडा सुधारला. पुन्हा दाबला, पुन्हा बिघडला. "ब्रेक जड लागते का रे?" भाचा म्हणाला, हो, पण मला वाटलं जुन्या गाडीचा असतोच. चाचांनी पक्कड घेतली, इंजिनाकडून ब्रेकच्या बूस्टरकडे, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे, जाणारी रबरी नळी इंजिनाच्या अंगाला चिमटीत धरली आणि हळूच आवळली. इंजिन तिथल्या तिथे सुरळीत झालं. सोडली, पुन्हा अडखळायला लागलं. दोन-तीनदा त्यांनी ते केलं, बहुधा पोराला दाखवण्यासाठीच, कारण त्यांचं उत्तर त्यांना पहिल्याच वेळी मिळालं होतं.

नळी काढली. वरून काळीशार, धडधाकट. जिथे ती वळते त्या वळणाच्या खालच्या अंगाला चाचांनी अंगठ्यानं वाकवली, तेव्हा वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा भेगा उघडल्या. सरळ केली की मिटल्या. त्यातली एक आरपार होती. वरून बघणाऱ्याला हे जन्मात दिसलं नसतं. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश सावलीत असतात, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. तिथलं रबर बारा-पंधरा उन्हाळे काढून लाकूड झालं तर त्याचा काय दोष. ही नळी फुटली तर ब्रेक पूर्ण जातो असं नाही, पण बूस्टरची मदत जाते आणि मग पायावर उभं राहून गाडी थांबवावी लागते. थरथर चालते का, या प्रश्नाच्या पोटात ब्रेकचा प्रश्न बसला होता.

नवी नळी दोनशे रुपयांच्या आत आली.

पेट्रोलचा विषय निघाल्याशिवाय आमच्याकडे गाडीची चर्चा संपत नाही, तशी ती शेडमध्येही निघाली. इथेनॉलचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते नितीन गडकरी आमच्याच नागपूरचे, त्यामुळे बाजूनं बोलणारेही तावातावानं बोलतात आणि विरोधातलेही. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला सुरुवात झाली, २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे तिचा मेंदू पेट्रोल वाढवून ते सावरून घेतो. कार्बोरेटरच्या गाडीला मेंदू नाही, तिचा स्लो मिस्त्रीलाच जमवावा लागतो. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही म्हटलं आहे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करणाऱ्यांनी जपावं. माझ्या ओळखीत अशा गाड्या खूप आहेत, पोरगा पुण्याला आणि गाडी गोठ्यात. पण भाच्याच्या नळीचा इथेनॉलशी काही संबंध नव्हता. ती पेट्रोलची नळी नव्हतीच, हवेची होती. शेडमधल्या एकानं तरीही तो दोष गडकरींच्या खात्यावर टाकला.

नळी बसल्यावर फुगारे एकसारखे आले. भाच्यानं स्वतः हात धरून पाहिलं. तरी स्टीअरिंगला बारीक थरथर होतीच, आणि त्याला आता तीही नको होती. चाचांनी रिव्हर्स टाकून क्लच अर्धा सोडायला लावला, इंजिन एका बाजूला उचललं गेलं. मागच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं, रबर बसलं होतं. म्हणजे इंजिन नीट चालतंय, फक्त त्याचं हलणं गिळणारं रबर म्हातारं झालंय, ते सरळ बॉडीत उतरतं. याला मी खुशाल चालू द्या म्हणेन. दात दुखेपर्यंत हालायला लागलं, गिअर टाकताना ठक्क वाजायला लागलं, की बदलावं.

चालू देऊ नये ते दुसरं. मिसिंग. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे जळतं, आणि तो तापून खराब होतो. त्याची किंमत ऐकली की जुन्या गाडीचा मालक गाडीच विकायच्या गोष्टी करतो. पीयूसीवाल्याकडेही ते लपत नाही, कारण पेट्रोल गाडीचा धूर जागेवरच मोजतात आणि न जळलेलं पेट्रोल तिथे हायड्रोकार्बनच्या आकड्यात उतरतं. अर्थात पीयूसी खरंच नळी घालून काढली तर. आणखी एक मिसिंग असते जी नळीनं, प्लगनं, कशानंच जात नाही: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला असतो. तेव्हा सायलेन्सरसमोर धरलेला कागद मधून मधून आत ओढला जातो. मग कॉम्प्रेशन गेज लावायचं, आणि एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा खूप खाली निघाला तर हेड उतरवण्यावाचून सुटका नाही.

भाच्यानं फाउंडेशन दिवाळीनंतर करायचं ठरवलं. चाचांनी मजुरी सांगितली नाही, "मामाजवळ घेतो" म्हणाले, जे ते नेहमी म्हणतात आणि नेहमी घेतातही.

परवा भाच्याचा पुन्हा फोन होता. पेट्रोल परवडत नाही, गॅस किट बसवू का म्हणून. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, बसव, पण व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट वेळच्या वेळी पाह्यत जा. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, टॅपेटची फट कमी होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो आणि जळतो. "अन् तसं झालं तं मंग मले नळी दाबून दाखवता येनार नाई," असंही त्याला सांगा म्हणाले. मी सांगितलं. तो अजून विचार करतो आहे.